माजघराच्या फरशीचा अंदाज

शके १७८६, माघ शुद्ध ४. अमरावती.

ही वही फरशीच्या अंदाजासाठी आणली. दुसरं काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे, पण पहिल्याच पानावर तारीख टाकून बसलो, म्हणजे दुसरंही लिहिलं जाणार.

मी जानराव, आधी कापसाचा मापारी, आता दलाल. विलायतेकडे कापसाची ओरड सुरू झाल्यापासून गेल्या तीन वर्षांत बरं चाललं आहे. लोकांनी बैलांच्या शिंगांना पितळ मढवलं, सोयऱ्यांना जेवणावळी घातल्या. मला काय करावं ते सुचत नव्हतं. मग वाटलं, घरात दगडाची फरशी घालावी. बायकोचं, वच्छलेचं सारवण सुटेल.

पौषात दगडाची पहिली गाडी अंगणात उतरली तेव्हा मी तिला तसं म्हणालोही. "आता शेणात हात घालायचं काम नाही. फडकं मारलं की झालं." ती दगडाकडे बघत उभी राहिली. आठवड्यात तिचा भाऊ भगवंत मूर्तिजापूरहून गाडी घेऊन आला. तिनंच निरोप धाडला होता म्हणे. ती गेली. का गेली, हे माझ्या अजून ध्यानात आलेलं नाही. भांडण झालं नाही, मी हात आखडता घेतला नाही. घरात आता मी आणि गोदाबाई आत्या.

फरशी झाली की तिला आणायला जायचं. तिनं उंबऱ्यात उभं राहून बघावं, एवढंच डोक्यात आहे.

माघ शुद्ध ७.

सहदेव पाथरवट आला होता. दोरीनं मापं घेतली. माजघर बारा हात लांब, नऊ रुंद, ओसरी बारा लांब, पाच रुंद. मिळून एकशे अडुसष्ट चौरस हात. चौरस हाताला तीन आणे मजुरी मागतो. साडेएकतीस रुपये झाले. दगड माझा, चुना माझा.

मी म्हणालो, "चार वर्षांमागं एक आणा होता ना गा?"

"तवा कापूस काय भावानं होता मालक?" असं म्हणून हसला. त्याचं खोटं नाही. गवंडी, पाथरवट सगळे आगगाडीच्या कामावर आणि कापसाच्या गुदामांवर गेले आहेत. जो मागे राहिला तो मागेल तो भाव.

खणायचं नाही म्हणतो. आहे त्या जमिनीवर चुना पसरून वर दगड. दहा दिवसांत काम.

मापं घेताना त्याची दोरी देवळीखालच्या कोपऱ्यात आली, तेव्हा आत्याबाई स्वयंपाक टाकून दारात येऊन उभी राहिली. त्या कोपऱ्यात मूल ठेवलेलं आहे. दात न आलेलं मूल आमच्यात जाळत नाहीत. घरातच ठेवतात, म्हणजे ते वाट चुकत नाही, पुन्हा त्याच कुशीला येतं असं म्हणतात. भाद्रपदात ठेवलं. खड्डा मीच खणला, अडीच हात. वच्छला तेवढा कोपरा रोज सकाळी सारवायची. बाकीचं घर आठवड्यातून दोनदा.

दोरी उचलली, सहदेव गेला. आत्याबाई आत गेली.

माघ शुद्ध ८.

आज बाजारात गर्दी होती. जेवलो. काही नाही.

माघ शुद्ध १०.

भाव ठरवण्याआधी माल बघावा, ही बाजाराची रीत. सहदेवनं गेल्या वर्षी घातलेली फरशी बघायला एका व्यापाऱ्याच्या घरी गेलो. ओसरीत पाऊल टाकलं आणि ठेच लागली. दगड वर आलेले, सांधे फुटलेले, मधोमध पोट सुटल्यासारखी जमीन फुगलेली. मालक म्हणाला, पहिला पावसाळा झाला आणि असं झालं.

म्हणजे साडेएकतीस रुपयांत एक वर्षाची फरशी येते. स्वस्त म्हणायची की महाग, ते आपण किती वर्षं जगणार त्यावर आहे.

त्यानंच अकोल्याच्या बशीरचं नाव सांगितलं. तिकडे आगगाडीच्या गुदामाची फरशी त्यानं घातली. सध्या बडनेऱ्याला आहे. निरोप पाठवला.

माघ शुद्ध १३.

बशीर आला. पन्नाशीचा असेल, दाढी पांढरी, बोलणं कमी. दोरी काढलीच नाही. आधी घरभर अनवाणी फिरला. मग तांब्याभर पाणी मागून घेतलं, माजघरात ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत बसला. मग पहार घेऊन एका जागी दोन बोटं जमीन उकरली, माती चिमटीत चोळली.

"काळी हाय जानरावजी," तो म्हणाला. "कापसाले चांगली, घराले बेकार. पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते. वरतं दगड घाला नाहीतर चांदी घाला, उचलून फेकते."

"मग?"

"दोन हात खनून सारी काळी काढा लागते. मंग मुरूम भरा, पानी मारा, कुटा. मंग फरशी. तवा नातवायच्या नातवाले पुरन."

मजुरी चौरस हाताला चार आणे, बेचाळीस रुपये. खणाई आणि मुरूम उक्ते, छत्तीस रुपये. एकूण अठ्ठ्याहत्तर. सहदेवच्या दुपटीहून जास्त. मी घासाघीस केली. तो ऐकून घेत होता, उतरत नव्हता.

मग म्हणाला, "एक गोष्ट इचारतो. जमिनीत काई ठेवेल हाय काय? धन म्हना, धान्याचं पेव म्हना, आनखी काई. पयलेच सांगा. आमच्या कामाची रीत हाय. उक्तं काम असलं तरी मालकानं जमिनीतलं लपवलं आन काम अडलं, तर खाडा मालकाचा."

मी म्हणालो, "नाही. काही नाही."

त्यानं बोटांची माती झटकली. "मंग ठीक हाय," म्हणाला.

मी खोटं का बोललो, याचा विचार केला. खोटं तरी कुठे? दोन हात खणायचं आहे. ते अडीच हातांवर आहे. मध्ये अर्धा हात राहतो. मुरूम वरून येईल, दगड येईल, खालचं खाली राहील. हिशेब बसतो. मग परक्या माणसाला कशाला सांगायचं?

माघ वद्य २.

बशीरला होकार दिला. उक्तं अठ्ठ्याहत्तर, इसार दहा रुपये.

आत्याबाईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "जानराव, वच्छलेले फरशी नाही पायजे बापू."

"खर्चाला भीत असेल. तिला सांगा, पैसा आहे."

"खर्चाचं नाही."

"मग काय?"

"तिची पोट्टी तिथं हाय. दगडाखालून येईन कशी वापस?"

"आत्याबाई, तसं काही नसतं," मी म्हणालो. मला वाटतं, हे बोलताना माझा आवाज चढला. तिनं सूप उचललं आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागली.

बायकांना नवी गोष्ट लवकर पचत नाही. गुळगुळीत, थंड दगड पायाखाली आला की वच्छलेला आवडेल. उन्हाळ्यात तर फारच.

माघ वद्य ६.

काम सुरू झालं. सामान सगळं गोठ्यात. देव आत्याबाईनं पाटावर घेतले. खणायला सहा बायका, त्यांची मुकादम पार्बताबाई. उंच, हाताला दोरखंडासारख्या शिरा. बोलते तेव्हा अर्ध्या गल्लीला ऐकू जातं.

दारच्या बाजूने खणायला घेतलं. काळी माती ओली असते तेव्हा लोण्यासारखी, वाळली की विटेसारखी. टोपल्या भरून बाहेर ढीग घालतात. एक शेतकरी येऊन विचारून गेला, माती फुकट नेऊ का म्हणून. म्हटलं, ने.

देवळीचा कोपरा शेवटी येईल. तेव्हा मी इथे नसेन. उद्या कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याला निघायचं आहे. गाड्या मी नाही गेलो तरी जातात, मुनीम आहे. पण आगगाडीवर माल चढताना दलाल समोर असलेला बरा.

माघ वद्य ९. मूर्तिजापूर.

गाड्या दुपारी इथे पोचल्या. विहिरीवर बैलांना पाणी दाखवलं. वच्छलेचं माहेर विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढचं कडुनिंबाचं झाड दिसत होतं.

गेलो नाही. फरशी झाली नाही, तर जाऊन सांगायचं काय? रिकाम्या हाताने जाण्यात अर्थ नाही. बैलांचं पाणी झालं तशा गाड्या हाकल्या. भगवंत रस्त्यात भेटला असता तर थांबलो असतो. भेटला नाही.

माघ वद्य ११. अकोला.

भाव खंडीमागे चाळीस रुपये उतरला. ज्या परदेशी लढाईनं कापसाचा भाव चढला होता, ती संपणार अशी बातमी आहे. गुदामाबाहेर माणसं डोक्याला हात लावून बसली होती. एकाने माझा हात धरून विचारलं, "जानरावजी, तुमाले काईच कसं वाटून नाही राह्यलं?"

वाटायला हवं होतं. माझेही बरेच गेले. मी गुदामाची फरशी बघत होतो. बशीरनं घातलेली. सांध्यात पाचर जात नाही. पाणी ओतून बघितलं, सगळं मोरीकडे गेलं. अठ्ठ्याहत्तर रुपये जास्त नाहीत, असं वाटलं. एवढंच वाटलं.

फाल्गुन शुद्ध २. अमरावती.

आज परत आलो. घरात शिरलो तर ओसरीची फरशी झालेली, माजघरात अर्ध्यावर मुरूम कुटलेला, आणि काम बंद. बायका अंगणात बसलेल्या. माझी तारांबळ उडाली नाही, राग आला. राग आलेला बरा वाटला.

बशीर पुढे आला. "तीन दिस झाले काम बंद हाय. खाडा लागला. सहा बायकायचे तीन दिसाचे साडेचार रुपये. माहा अन् गवंड्यायचा मी नाही मांगत."

"काम उक्तं आहे," मी म्हणालो. "बंद पडलं ते तुमचं नुकसान. मी एक पैसा द्यायचा नाही."

"रीत सांगतली होती तुमाले."

"जमिनीत काही असेल तर. तिथे काही नाही म्हणून मी सांगितलंय."

तेवढ्यात पार्बताबाई उठली. कोपऱ्याकडे हात करून म्हणाली, "काई नाही म्हनता? मंग मीठ काहून लागलं?"

मी बघितलं. देवळीखाली दीड हात खोल खणून सोडलं होतं आणि मातीत पांढरं दिसत होतं. ठेवताना वरून मीठ घालतात. मी पायली दीड पायली घातलं होतं. ते इतकं वर आलं असेल असं माझ्या हिशेबात नव्हतं.

"कुदळीले मीठ लागलं," पार्बताबाई म्हणाली, "तसं मी थांबवलं साऱ्यायले. मी दोन लेकरं ठेवले हाय घरात. मले वळखू येते."

आत्याबाई देवाच्या पाटाशी तोंड फिरवून बसली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मला फक्त साडेचार रुपये दिसत होते. 'आहे' म्हटलं तर साडेचार रुपये द्यायचे, 'नाही' म्हटलं तर द्यायचे नाहीत. बाजारात असे सौदे मी रोज करतो.

मी म्हणालो, "जुनं मीठ असेल कुणाचं तरी. खणा."

कोणी हललं नाही. मग पार्बताबाईनं तिची कुदळ उचलली आणि माझ्या हातात दिली. "काई नाही ना? मंग तुमी मारा. एक घाव मारा, मंग आमी हाओच."

मी घेतली. कोपऱ्यात उतरलो. कुदळ जड नव्हती. मी शेतकऱ्याचा मुलगा, आयुष्यभर धरलेली वस्तू. ती वर कशी उचलतात ते मला आठवेना. मी तिथे उभा राहिलो, किती वेळ ते सांगता येत नाही. पायाखालची माती मऊ होती आणि मला एकदम भीती वाटली की माझं वजन तिला होईल. मी बाहेर आलो.

"आहे," मी म्हणालो.

बशीरनं विचारलं, "काय हाय?"

"मुलगी."

"किती दिसाची?"

"तीन महिने अकरा दिवस."

"नाव ठेवलं होतं?"

भाद्रपदापासून ते नाव मी घेतलेलं नाही. या वहीतही लिहिलेलं नाही, आत्ता लिहिताना कळलं. "सुभद्रा," मी म्हणालो.

बशीरनं मान खाली घातली आणि आपल्या भाषेत काही पुटपुटला. पार्बताबाईनं माझ्या हातातून कुदळ काढून घेतली. "पयलेच सांगा लागते ना बाप्पा," ती म्हणाली. ओरडली नाही, अगदी हळू म्हणाली.

फाल्गुन शुद्ध ३.

खाड्याचे साडेचार रुपये दिले. बशीर म्हणाला, तो कोपरा तसाच ठेवतो, भोवती उभे दगड लावून मुरूम अडवतो, वर फरशी नाही. किती जागा सोडू म्हणून विचारलं. मी म्हणालो, दोन हात लांब, दीड हात रुंद. खड्डा तेवढाच होता. त्यानं खडूनं रेघ ओढली. त्या जागेचे आणे तो कापून देणार होता, मी नको म्हटलं.

फाल्गुन शुद्ध ७.

माजघर पुरं झालं. पाणी ओतून बघितलं. सगळं मोरीकडे जातं, कोपऱ्याकडे थेंब जात नाही. बशीर गेला. काम सुंदर आहे. मी एकटाच बघतो आहे. उद्या निघतो.

फाल्गुन शुद्ध १०. मूर्तिजापूर.

वच्छला ओसरीत बोंडं फोडत बसली होती. मला बघून पदर सावरला, हात थांबवले नाहीत. भगवंतनं पाणी दिलं आणि तो शेताकडे निघून गेला. बरं केलं.

मी फरशीचं सांगायला लागलो होतो. सांधे किती बारीक आहेत, पाणी कसं जातं. दोन वाक्यं झाली आणि मला माझाच कंटाळा आला. मग सगळं सांगितलं. बशीरनं विचारलं ते, मी 'काही नाही' म्हणालो ते, अर्ध्या हाताचा हिशेब, अकोल्याला जाताना विहिरीवरून पुढे गेलो ते, मीठ, कुदळ. काही लपवलं नाही.

'काही नाही' म्हणालो तिथे तिचे हात थांबले. "दोनदा म्हनलं?" तिनं विचारलं.

"दोनदा."

तिनं हातातलं बोंड खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. ही आता येत नाही, आणि न येण्यात हिचं चुकणारही नाही. ते वाटलं तेव्हा दुखलं. पुष्कळ दिवसांत असं काही वाटलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "किती जागा सोडली?"

"दोन हात लांब, दीड हात रुंद."

तिनं आपले हात पुढे केले आणि तेवढं अंतर धरून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "तवा होती तेवढी मोजली तुमी," ती म्हणाली. "आता नऊ महिन्याची असती ते. रांगाले लागली असती. एवढ्यात मावन काय?"

मला रडू आलं. मोठ्यानं आलं. आतून सासूबाई धावत आल्या आणि दारातच थांबल्या. मला आवरेना, आणि आवरावं असंही वाटेना. वच्छला रडली नाही. तिचं रडून झालेलं होतं, माझ्याशिवाय, त्या देवळीखाली, रोज सकाळी. ती मांडीवरची सरकी झटकून उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"चार हात तरी पायजे," ती म्हणाली.

"उचलू फरशी," मी म्हणालो.

उद्या सकाळी दोघं निघतो. तिनं गाठोडं बांधून ओसरीत आणून ठेवलं आहे. बडनेऱ्याला थांबून बशीरला सांगायचं की बसवलेले दगड काढावे लागतील, माप माझं चुकलं होतं. तो काय मागेल ते मी विचारलेलं नाही.